हिराच्या टोकावरचा केस

जेवण झाल्यावर मी पडवीतल्या बाकावर आडवा होतो. डोळे मिटतात न मिटतात तोच स्वयंपाकघरात खुर्ची सरकते. ती खुर्ची आता माझ्याशिवाय कोणी सरकवत नाही.

आत जाऊन बघतो तर हेमलता टेबलाशी, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले. पदर खोचलेला, शेजारी आमटीचं पातेलं.

"उभे काय राहिलात? बसा," ती मान न वळवता म्हणते.

मी बसतो. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, मी बर्फाच्या कारखान्यात होतो. तिचं खरं काम घरी चालायचं. खाडीच्या पाण्यात कोळंबीच्या नात्यातले, मिठाच्या कणाएवढे जीव असतात. त्यांचं पिल्लू आईसारखं दिसत नाही. कात टाकत टाकत रूप बदलतं. आमच्या खाडीतल्या एका जातीच्या पिल्लाची पहिली सहा रूपं कोणीच कागदावर उतरवली नव्हती. हेमलताने पाच उतरवली, अंगावरचा एकेक रोम मोजून. मधलं पाचवं राहिलं. ते झाल्याशिवाय काम छापायला जात नाही.

"केतकीनं पाचव्या रूपाचं पिल्लू उलटवलं का?" ती विचारते. केतकी तिची विद्यार्थिनी.

"नाही. काडी मोडली."

"कोणी मोडली?"

"मी. टेबल पुसताना."

आता ती मान वळवते. "चाळीस वर्षांत कधी टेबल पुसलं नाहीत. मी गेल्यावर बरं सुचलं!"

मी हसतो. खाली बघतो तर फरशीवर पाणी, आणि आम्ही जेटीवर उभे आहोत. माझ्या हातात तिच्या बारीक जाळ्याचा दोर आहे. दर रविवारी मीच ओढायचो.

"लोक म्हणायचे, मॅडमनी नवऱ्याचा हमाल केला," मी म्हणतो.

"म्हणू देत. बर्फाच्या लाद्या उचलणारा नवरा त्यांच्याकडे होता का?"

मग मी मनातलं बोलतो. काडी म्हणजे खराट्याचा हीर. त्याच्या टोकाला पापणीचा केस, नेलपॉलिशनं चिकटवलेला. पिल्लू उलटवायचं ते त्या केसानं. सुईनं ते फुटतं. बाटलीत पाचव्या रूपाचं एकच पिल्लू उरलंय, आणि पोटाकडचे रोम मोजायचे राहिलेत. केतकीनं स्वतःचा केस लावून पाहिला. तो वाकतो.

"त्याहून वाईट म्हणजे," मी म्हणतो, "तो तुझा केस होता. तुझं तेवढंच घरात उरलं होतं."

"माझा?" ती मोठ्यानं हसते. "अहो, माझेही वाकायचे. तो तुमचा होता."

"माझा कसा?"

"रविवारी दुपारी घोरत पडायचात. उपटायचे एखादा. तुम्ही म्हणायचात, डास चावला."

दोर हातातून गेलेला आहे. आम्ही कारखान्याच्या कोठारात आहोत. सहा लाद्या भिंतीला उभ्या लावल्यात. पाचांच्या आत तिची चित्रं आहेत, ताटाएवढी मोठी. प्रत्येक रोम दिसतो. पाचवी लादी कोरी.

"बघा," ती म्हणते. "ही सगळी तुमच्या केसानं उलटवलेली. माझे डोळे आणि तुमचा केस."

माझी मान ताठ होते. पगाराच्या पावतीखेरीज माझं नाव कधी कशावर आलं नाही, पण आज त्याचं काही वाटत नाही.

"पाचवीचं काय?" मी विचारतो.

"डोळे मिटा."

"झोपेतच आहे की मी."

"तरी मिटा हो. आणि हलू नका, नेहमीसारखे."

तिची बोटं पापणीला लागतात. थंडगार. कळ येते.

मी बाकावर उठून बसतो. ऊन पायांपर्यंत आलंय. उजव्या डोळ्यातून पाणी वाहतंय, डावा कोरडा ठणठणीत. तळहातावर एक केस आहे, आखूड आणि ताठ. टोकाकडे पांढरा झालाय, पण बोटानं दाबला तर वाकत नाही.

तो वाटीखाली झाकून ठेवतो आणि केतकीला फोन लावतो.

"काय झालं काका?"

"लगेच ये," मी सांगतो. "येताना नेलपॉलिश आण. मॅडमना लागायचा तो केस माझ्याकडे आहे."