लग्नाला म्हणून नेलेली धवलारीण

माझी बायको यमुना धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून वरात निघेपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी. आधी ती एकेका देवाला नाव घेऊन आवतण द्यायची आणि मगच हळदीला हात लागायचा. तिचा एक नियम होता. "जो मना न्यायला येल, त्यानीच मना घरा आनून सोरायचं." एकदा एका बिल्डरने तिला सोडायला ड्रायव्हर पाठवला, तर ती मांडवातच पाय पसरून बसली. "मी काय मंडपवाल्याची खुर्ची हाय?" शेवटी गळ्यातल्या साखळ्या सावरत बिल्डरच आमच्या दारापर्यंत आला.

पुढे तिची आठवण जायला लागली. दोनदा गॅस चालू राहिला. एका दुपारी ती खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतलेली सापडली. मुलगा आणि सून ऐरोलीला नोकरीला, माझे गुडघे निकामी. तळोज्याच्या पुढे अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे नाव घातलं. पण यमुना उंबरा ओलांडेना.

"ती हसत गेली," असं मी गावात सगळ्यांना सांगितलं. ते खरंच आहे. का हसत गेली, ते आज सांगतो. मी तिला म्हणालो होतो, "लग्न आहे. तुला न्यायला आलोय."

ती लगेच उठली. हिरवं लुगडं नेसली, केसांत माळायला अबोलीची वेणी मागितली. गाडीत मला विचारते, "नवरी कुनाची, दादा?"

"आपल्याच भावकीतली," मी म्हणालो.

संस्थेच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसली होती. तिला तो मांडवच वाटला. पोटच्या मुलाचं नाव विसरलेली यमुना एकही देव न वगळता आवतण देऊ लागली. लोक टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात मी ऑफिसात सह्या केल्या आणि मागच्या दाराने निघालो.

दर रविवारी जायचो. "हलद झाली, दादा. वरात कवा?" ती विचारायची. "निघेल आता," मी म्हणायचो. तिथल्या सिस्टर कौतुकाने सांगत, "आजी किती शहाण्या! बाकीचे घरी जायचं म्हणून दार बडवतात. या कधी हट्टच करत नाहीत." मी मान हलवायचो. नेणारा सोडायला येईपर्यंत ती उठणार नव्हती, हे मला माहीत होतं.

एका रविवारी मात्र तिने माझा हात धरला. "लगीन लागलं ना, दादा? मंग सोर ना मना घरा. आमचा म्हातारा उपाशी बसला असल."

तो म्हातारा समोरच उभा होता. मी म्हणालो, "तू जेवून घे आधी." आणि निघून आलो.

त्यानंतर महिन्याभरात ती तिथेच गेली. अँब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुमी रिक्षानं या ना मागून. गुडघे दुखतील." मी ऐकलं नाही. तिच्या शेजारी बसून तिला दारापर्यंत आणलं.

शेजारणींनी विचारलं, "शेवटी सुखात होती ना?" मी हो म्हणालो.

ते खोटं होतं. ती सोडायला येणाऱ्याची वाट बघत बसली होती.