पुडीच्या कागदावर संपलेली लढाई

मी वाढलो चळवळीच्या पत्रकांवर. शाळेची पुस्तकं शाळेतच राहिली. कराडहून कुणाच्या तरी सदऱ्याखाली दडून येणारी पत्रकं मात्र मला तोंडपाठ असत. पोलिसांच्या हाती काही लागू नये म्हणून त्यांवर छापखान्याचं नाव नसे, गावाचं नसे, तारीखही नसे. त्यामुळे छापील कागद वाचायची माझी एक रीत ठरून गेली होती. मथळा वाचायचा, पेटून उठायचं आणि लगेच चार लोकांना वाचून दाखवायचं. कागदाचं वय विचारावं, हे मला कधी सुचलंच नाही.

लढाईमुळे कागद मिळेनासा झाला, तेव्हा आमच्या गावच्या दुकानदार अण्णांनी सांगलीच्या घरातल्या माळ्यावरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे गाडीत घालून आणले. त्यांच्या वडिलांना वर्तमानपत्रं साठवायचा नाद होता. अण्णा एकेक पान फाडून त्यात हळद, मिरची, गूळ बांधून देऊ लागले. घरी गेल्यावर पुडी सुटली की लोक कागद घेऊन माझ्याकडे येत.

आणि काय बातम्या निघत होत्या! ‘बादशहा दिल्लीला येणार, दरबाराची जय्यत तयारी.’ मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून सांगितलं, “राज्य परत द्यायला येतोय!”

“सोता येतुया?” एकानं विचारलं. “लय लांबचा परवास. टपालानं धाडलं असतं तरी चाललं असतं की गड्या.”

दुसऱ्या पुडीत शेपटीचा तारा पृथ्वीजवळून जाणार होता. एका म्हाताऱ्यानं शेपटी किती लांब ते तीनदा विचारलं आणि कोवळा ऊस तोडायला काढला. शेपटी घासली तर आधी त्याचाच फड पेटेल, कारण तो टेकावर होता.

या बातम्या सरकारी वर्तमानपत्रांत का नाहीत, हा प्रश्न मला पडला आणि उत्तरही मीच शोधलं. सरकार त्या दडपतंय आणि अण्णा पुड्यांतून त्या गावात पसरवताहेत! मिरचीच्या पोत्यामागे बसलेला हा शांत जैन गृहस्थ भूमिगत निघावा, याचा मला कोण अभिमान वाटला. मी येता-जाता त्यांना डोळा मारू लागलो. अण्णांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “डोळ्यात काय गेलंय का रं? गुलाबपाणी घाल.” केवढी ही सावधगिरी, असं मला वाटलं.

अशात एक दिवस काकी आली. काकी म्हणजे शेजारची, माझ्या वडिलांची चुलतभावजय. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. तो निघून गेल्यावर त्याच सकाळी मी तिच्या दारावर खळ लावून पत्रक चिकटवलं होतं: ‘फौजेत जाऊ नका.’ परक्या राज्यासाठी मरू नये, असं माझं मत होतं आणि आजही आहे. पण त्या दिवसापासून काकी माझ्याशी बोलत नव्हती. आणि आता आठ महिने मुलाचं पत्र नव्हतं.

तिनं हळदीनं पिवळा झालेला कागद माझ्यापुढं धरला. “वाच. येवडंच वाच, भाषान नगं.”

मी वाचलं. ‘लढाई संपली. फौजा लवकरच घरी परतणार.’

काकी मटकन खाली बसली. मग उठली ती धावतच घरी गेली. चार दिवसांत तिनं भिंती पांढऱ्या केल्या, मुलाची घोंगडी उन्हात टाकली आणि शिराळ्याला सांगावा धाडला: पोरगं येतंय, मागं बोललेलं लगीन आता धरा.

मुलीचे वडील आले ते कपाळावर आठ्या घेऊनच. स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, मिशीला पीळ. “लढाई संपली म्हंता, मग आमच्याकडं भरतीवालं कालच कसं आलं?”

मी तावातावानं म्हणालो, “सरकार लपवतंय! हे बघा, छापलंय.”

त्यांनी कागद लांब धरून वाचला. खालची तारखेची बारीक ओळही वाचली, जिच्याकडं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि सावकाश म्हणाले, “अरं मर्दा, ही मागली लढाई, ती तर मी केलीया. मी बसऱ्याला होतो तवाचा ह्यो कागद. तू जन्मलाबी नव्हतास.”

माझ्या डोक्यात बादशहा, तारा, अण्णा आणि दोन लढाया एकमेकांवर आदळल्या. काकीकडं बघायचा धीर होईना. मी म्हणालो, “काकी, मी खोटं वाचलं.”

ती माझ्याकडं बघत नव्हती. पाहुण्यांकडं बघत होती. “मंजी, पाव्हणं, तुमी आला न्हवं माघारी?”

“आलो की.”

“कागदात लिवलं तसंच?”

“व्हय.”

“मग खोटं काय हाय त्यात?” म्हणत तिनं कागद पाहुण्यांच्या हातून काढून घेतला आणि देवाच्या फळीवर ठेवला.

खऱ्या-खोट्यावर मी तासभर बोलू शकत असे. त्या दिवशी उठलो आणि पाहुण्यांना पाणी आणून दिलं.

पुढं ही लढाईही संपली. त्या वेळच्या वर्तमानपत्रात मी आधी तारीख वाचली, दोनदा, मोठ्यानं. काकी वैतागून म्हणाली, “तारीख ऱ्हाऊ दे. पोराचं लिवलंय का?” लिहिलेलं नव्हतं.

तो आला बऱ्याच महिन्यांनी, दिवसाढवळ्या, खांद्यावर वळकटी टाकून. काकी शेतात होती. मी आमच्या अंगणात होतो. तो दारापाशी थांबला. पांढऱ्याशुभ्र भिंतीमधल्या त्या लाकडी दारावर काकीनं नखांनी खरवडूनही न निघालेलं माझं पत्रक अजून होतं. त्यानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि माझ्याकडं वळून हसला.

“ह्यो कवाचा रं कागद?”

मी पुढं होऊन खालची बारीक ओळ शोधू लागलो. त्यावर तारीखच नव्हती.