रविवारच्या सात वायरी

वस्तीत नेट आणणारा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा गिरणीत बाजरीचं दळण चाललं होतं. त्याला एक पांढरा डबा भिंतीवर लावायला जागा हवी होती. गिरणीला थ्री फेज आहे, वर इन्व्हर्टर आहे, म्हणून त्याची नजर आमच्यावर. "ताई, डबा तुमच्याकडं राहू द्या. इथूनच पुढं सगळ्या घरांत वायरी जातील," तो म्हणाला. मी एका पायावर तयार झाले. आम्ही येडगावच्या धरणाखालची माणसं. पाटाच्या तोंडाशी, म्हणजे हेडला, ज्याचं रान त्याचं आधी भिजतं आणि शेवटी टेलला असणाऱ्यांनी उरलंसुरलं प्यायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नेटचंही तसंच असणार असं मी धरून चालले. मी एकटीच वेडी नव्हे. समोरची शेजारीणही नाक मुरडून म्हणाली, "तुमचं बरंय बाई, तुमी हेडला."

मला नेट हवं होतं ते सासूबाईंसाठी. तीस वर्षं त्यांनी ही गिरणी चालवली आणि त्या घरघरीने त्यांचे कान खाल्ले. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी डाळीच्या डब्यात टाकून दिलं. पण गिरणीने कान घेतले तशी एक विद्याही दिली. पट्टा सुरू असताना कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नाही. गिऱ्हाईक जाड म्हणतंय की बारीक, ते ओठांवरूनच ओळखावं लागतं. सासूबाई समोरच्याचे ओठ बघून सगळं बोलणं उचलतात. फक्त ओठ स्पष्ट दिसायला हवेत, आणि आता नजरही अधू झालीय.

माझी नणंद परदेशात नर्स आहे. तिचा फोन आला तर सासूबाईंच्या काय कामाचा? मोबाइलवरच्या व्हिडिओत तिचं तोंड सुपारीएवढं दिसायचं. म्हणून आम्ही भिंतभर टीव्ही घेतला, त्यावर कॅमेरा बसवला, आणि रविवारी चार वाजता आई-लेकीची भेट ठरली. नणंदेचं तोंड परातीएवढं झालं. पहिल्या रविवारी सासूबाई उठून टीव्हीपाशी गेल्या आणि लेकीच्या गालावरून हात फिरवून आल्या.

महिनाभर ठीक चाललं. मग वस्तीत घरोघर मोठे टीव्ही आले. समोरच्या घरात तर एकच सिरियल दोन खोल्यांत दोन टीव्हींवर चालायची, कारण सासू-सुनेचं पटत नाही. आमच्या नणंदेच्या तोंडाचे चौकोन व्हायला लागले. ओठ थांबायचे, मग एकदम चार शब्द पुढे पळायचे. सासूबाई वाकून वाकून बघायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बोल बोल, कळतंय मला." काही कळत नसायचं. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

डबा आमच्या भिंतीला, लाईट आमची, आणि पाणी शेवटच्या घराला? मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. एक दाबा, नऊ दाबा, मग एक बाई हिंदीत सांगायची की राउटर बंद करून चालू करा. असं मी इतक्यांदा केलं की बटणावरचा रंग गेला. नेटवाल्याला फोन केला की, "उद्या येतो, ताई." त्याचा तो उद्या काही उजाडेना.

शेवटी एकदा तो दळण घेऊनच आला, तेव्हा मी त्याला धरला. गिरणीत पाच-सहा बायका होत्या. सासूबाई कोपऱ्यात चाळणी घेऊन बसलेल्या. मी म्हणाले, "आमच्या आईंना लेकीशी बोलता येत नाही." तो हसला. "ताई, म्हातारीला ऐकू येत न्हाई आन् तुमी स्पीड मागताय व्हय? बहिऱ्यापुढं गाणं कशाला?" बायकाही हसल्या. सासूबाईंनी मान खाली घातली, पण चाळणी थांबली होती. त्याचे ओठ त्यांना स्पष्ट दिसले होते. मी त्याचं पीठ दिलं. मनात म्हटलं, बच्चा, तू आता माझ्या तावडीत सापडलास.

पुढच्या रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना मी स्टुलावर चढले. डब्याचं झाकण उघडलं. आठ हिरवे दिवे लुकलुकत होते. आठ वायरी, त्यातली एक आमची. पाण्याची पाळी मी लग्न होऊन आल्यापासून धरतेय. पुढच्यांची दारं बंद केली की आपल्या वाफ्यात पाणी चढतं. वायरीच्या टोकाची जीभ दाबली की ती टक् करून निघते. मी सात वेळा टक् केलं.

समोरून पहिली बोंब उठली. मग मागच्या घरातून. सासू-सुना दोघी एकदम ओट्यावर आल्या, बहुधा वर्षात पहिल्यांदाच एकत्र. आणि आमच्या टीव्हीवर नणंदेचं तोंड असं लख्ख आलं की तिच्या हनुवटीवरचा तीळ दिसला. सासूबाई अर्धा तास बोलल्या. जावई कुठंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, ड्यूटीवर. सून म्हणून मला इतकं समाधान त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

नेटवाला दोन गावं पलीकडे राहतो. रविवार म्हणजे त्याच्या घरी मटण. वस्तीतून दहा फोन गेल्यावर तो रस्सा तसाच टाकून उन्हात मोटरसायकलवर आला. तोवर मी सगळ्या वायरी परत बसवलेल्या. त्याने डबा उघडून बघितला, दिवे जागच्या जागी. तो तीन खांबांवर चढला, उतरला, घामाने निथळला. "वानरं वायर वढत असत्याल," तो म्हणाला. "व्हय भाऊ, वानरंच," मी म्हणाले. "पाणी मिळंल का, ताई?" त्याने विचारलं. माठ भरलेला होता. मी म्हणाले, "उद्या देते."

असे पाच रविवार मी त्याला पळवला. खोटं कशाला बोलू, मला गोड लागत होतं. सोमवारपासून मी रविवारची वाट बघायची. दळता दळता एकटीच हसायची.

आता जे सांगायचं ते सांगते. जावई ड्यूटीवर नव्हता. तो नणंदेला सोडून गेला होता, त्याला आठ महिने झाले होते. हे मला आणि माझ्या नवऱ्याला माहीत होतं. आईंचं बीपी आहे, त्यांना सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलेलं. सासूबाईंचं बोलणं संपलं की नणंद माझ्याशी बोलायची, त्यांच्या समोरच, मोठ्याने. बहिऱ्या माणसापुढं आवाज कोण लपवतो? चित्राचे चौकोन व्हायचे तेव्हा ते खपूनही गेलं. आणि ते चौकोन घालवायला स्टुलावर चढणारी मीच. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, कारण डोक्यात तेव्हा फक्त तो नेटवाला होता.

पाचव्या रविवारी सासूबाईंचं बोलून झालं. एरवी त्या मग तिथंच चाळणी घेऊन बसायच्या, त्या दिवशी टीव्हीकडेच बघत बसल्या. नणंद मला म्हणाली, "वहिनी, त्याने सह्या केल्या. संपलं सगळं. आईला सांगू नका हं."

"काय सांगू नका?" सासूबाईंनी विचारलं.

नणंदेने हात तोंडावर नेला, पण फार उशिरा. मी काहीतरी पुटपुटले, बँकेच्या सह्या, घराच्या सह्या. सासूबाई माझ्याकडे वळल्या. माझे ओठ त्यांनी नीट बघितले, गिऱ्हाइकाचे बघायच्या तसेच. "तुला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "आन् तू माझ्यासाठी भांडत व्हतीस." मग उठून आत गेल्या. आठवडाभर त्यांनी भाकरी खाल्ली, गोळ्या घेतल्या, चाळणी मारली. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

नेटवाल्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. त्याने जे म्हटलं त्याची फेड झाली. पण त्याच्या तोंडून निघालं ते एका वाक्यात संपलं होतं. आम्ही मात्र आठ महिने तेच मानून चाललो होतो, की हिला काही ऐकू येत नाही.

सहाव्या रविवारी नणंद सगळं सांगायचं ठरवून बसली. मी स्टुलावर चढून सातही वायरी काढल्या. या वेळी कोणाला पळवायला नाही, एक शब्दही सुटू नये म्हणून. सासूबाई वेळेवर येऊन खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. नणंदेचं तोंड उमटलं, डोळ्याखालची काळी वर्तुळंसुद्धा दिसत होती. ती बोलायला लागली. पहिल्यापासून, कधी, कसं, कोणामुळे. बोलता बोलता रडायला लागली.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती बोलत राहिली आणि त्या ताठ बसून राहिल्या. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला होता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तो त्यांनी झटकला.

"वहिनी," नणंदेने नाक पुसत विचारलं, "आई झोपली का?"

मी म्हणाले, "नाही."