स्लॅबच्या नारळाचा मान

…तर हौसराव मामा एक नारळ डोक्याइतका वर उचलून उभे, समोर गेणबा आबा दुसरा नारळ छातीशी धरून उभे, आणि मधे आपला रविराज. इथवर आलो होतो काल. मग चहा आला आणि गोष्ट राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो, नाहीतर उगं तोंडाकडं बघत बसतील.

हा रविराज खुटबावचा, दौंड तालुक्यातला. सिव्हिलचा डिप्लोमा केला, पुण्याच्या एका कंपनीत लागला आणि चढत चढत साइट मॅनेजर झाला. बायको तेजश्री नदीपलीकडची, शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईची. आता योग कसा असतो बघा. भीमेच्या दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनी मिळून एक संघ काढला. भाजी, फुलं निवडायला आणि भरायला मोठं पॅकहाऊस बांधायचं ठरलं, जागा मिळाली वडगावच्या शिवारात, आणि काम मिळालं नेमकं रविराजच्या कंपनीला. साहेबांनी त्याचं गाव विचारलं, सासर विचारलं आणि टाळीच वाजवली. "अहो, मग आपलाच माणूस आहे की तिथला! रविराज, तुम्हीच जा."

तिथं पोरगं जे अडकलं ते अडकलंच.

दुसऱ्या मुलखात साइट मॅनेजर म्हणजे वाघ असतो. गेटवर कोण आलं, कशाला आलं, विचारतो आणि वाटेला लावतो. ह्याला ते जमेना. संघाचे अध्यक्ष हौसराव मामा, तेजश्रीचे चुलत चुलते. ते आले की 'जावईबापू' म्हणायचे, आणि सासरच्या थोरल्या माणसाला 'न्हाई' म्हणायचं कसं? उपाध्यक्ष गेणबा आबा, खुटबावचे, ह्याच्या भावकीतले. ह्याला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेला माणूस. ते सगळ्यांदेखत 'रव्या' म्हणून हाक मारायचे. त्यांच्यापुढं तर मान वर करायची सोय नव्हती.

मामांना गेट पूर्वेला पाहिजे, आबांना रस्त्याच्या अंगाला. मामा म्हणाले, खडी आमच्या ज्ञानेशच्या डंपरनं येईल. आबा म्हणाले, मग वॉचमन आमचा पप्पू. हा पप्पू असा वॉचमन, की त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस लागावा. कंपनी म्हणायची, गावाला सांभाळा. गाव म्हणायचं, कंपनीला सांभाळा. सासरी जेवायला बसलं तरी ताटात भाकरी पडायच्या आधी सळईचा विषय निघायचा. बांधकाम वर चढत होतं आणि हा आपला आत आत चाललेला, विहिरीत उतरल्यासारखा.

शेवटी त्यानं साहेबांकडं बदली मागितली. चंद्रपूरकडं कंपनीचं काम निघालं होतं. तेजश्रीला म्हणायचा, "तिथं मला कुणी मामा न्हाई, आबा न्हाई. एखाद्याला न्हाई म्हणलं, तर तो दिवाळीला आपल्या दारात तोंड फुगवून बसणार न्हाई." तेजश्री हसायची, पण तिलाही दिसत होतं. नवरा हल्ली भाजी कशी झाली विचारलं तरी 'व्हय मामा' म्हणून मोकळा व्हायचा.

साहेबांनी शब्द दिला. "पहिला स्लॅब भांडण न होता भरून द्या. मग तुम्ही सुटलात."

आता स्लॅबचा दिवस म्हणजे आपल्याकडं लग्नाच्या खालोखाल. पंपाला हार, मिक्सरला हळदकुंकू, सगळ्यांना जेवण, आणि पहिला माल पडायच्या आधी नारळ. तो कोणाच्या हातानं फुटणार, हा मोठा मान. मामा आधीच सांगून गेले, "जावईबापू, नारळ आमच्या हातानं बरं का!" हा म्हणाला, "व्हय मामा." मग आबा आले. "रव्या, नारळ मी फोडणार. घरात बोलून आलोय." हा म्हणाला, "व्हय आबा." दोन्हीकडं मनापासून व्हय! त्याचा हिशेब एवढाच, की दोघांतला एक जण उशिरा येईल. आपल्याकडं वेळेवर कोण येतं? इथंच पोरगं चुकलं. बैठकीला उशिरा येणारी आपली माणसं, मानाच्या कामाला उजाडायच्या आत हजर असतात!

तसंच झालं. इकडून वडगावचे फेटे, तिकडून खुटबावच्या टोप्या, आणि दोघांच्या हातात सोललेले नारळ.

"आबा," मामा म्हणाले, "तुम्ही पाव्हणे. पाव्हण्यानं सावलीला बसावं, जेवावं, पान खाऊन जावं."

"जागा तुमची आसंल हौसराव, पण बांधणारा कुणाचा हाय? त्यानं मला शब्द दिलाय."

"मला बी दिलाय. इचारा की!"

दोघं एकदम रविराजकडं वळले.

तेवढ्यात वरवंडच्या काँक्रीट प्लांटवरून आलेल्या गाड्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. तयार काँक्रीट गाडीच्या पोटात फिरत राहतं, पण फार वेळ नाही. उन्हात ते घट्ट व्हायला लागतं. बिहारी मिस्त्री पळत आला. "साहब, गाडी कब से घूम रही है. माल बैठ जाएगा तो पत्थर निकालेंगे क्या?" ड्रायव्हर म्हणाला, थोडं पाणी मारू. "थेंब घालायचा न्हाई!" रविराज ओरडला. पाणी घातलं की माल पातळ होतो, पण स्लॅब कच्चा राहतो, आणि त्या स्लॅबखाली उद्या दोन्ही गावच्या बाया भाजी निवडत बसणार. मांडवात पुण्याचे साहेब घड्याळ बघत होते. ते घड्याळ बघायचे तसं चंद्रपूर लांब लांब जायचं.

"एकानं सुरुवातीला फोडा, एकानं शेवटाला," रविराज म्हणाला.

"शेवटाला? म्हंजी घमेली धुताना?" आबा खवळले.

"मग दोघं एकदम फोडा."

"एकदम कसा फुटंल? कुणाचा तरी आधी फुटणारच," मामा म्हणाले, आणि खरंच होतं ते.

मग त्याला काय झालं, ते त्यालाही नंतर सांगता येईना. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यानं खाली ठेवलं, खडीच्या ढिगाकडं गेला आणि सगळ्यांकडं पाठ करून बसला. "फोडा, न्हाईतर नका फोडू. मी आता उठत न्हाई." नाटक नव्हतं हो. मागं मामा, पुढं आबा, मांडवात साहेब, रस्त्यावर गाड्या. पळायचं तर वाट सासरच्याच दारावरून जाणारी.

पूजेचं ताट घेऊन आलेल्या मामांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, तोंडावर हात नेला. "अगं बाई! जावई रुसला!"

झालं! साइट मॅनेजर हटून बसला असता तर कुणी विचारलं नसतं, पण जावई रुसला म्हणजे मांडवातल्या पंगती थांबतात. तोही सासरच्या शिवारात, दोन तालुक्यांच्या देखत! मामांचा चेहरा उतरला. आबा तर पेटलेच. "आमच्या पोराला रडकुंडीला आणलं तुम्ही!"

"आम्ही? का तुम्ही?" असं म्हणत मामा खडीवरनं घसरत घसरत त्याच्याजवळ गेले. "जावईबापू, उठा. माणसं बघत्यात. काय पाहिजे ते बोला."

"रुसल्या जावयानं मागितलं तर द्यायलाच लागतंय," वच्छलाबाईंनी मागून बजावलं.

रविराजच्या ओठावर चंद्रपूर आलं होतं. पण डोळे गेले फिरणाऱ्या गाडीकडं, आणि तोंडातून निघालं, "नारळ. दोन्ही नारळ माझ्या हातात द्या."

आता नाही कोण म्हणणार? मामांनी जावयाला दिला, आबांनी पुतण्याला दिला. त्यानं एका दमात दोन्ही फोडले. कुणाचा आधी फुटला, ते बघायलाही कुणी राहिलं नाही. पंप सुरू झाला, व्हायब्रेटर गुरगुरायला लागले आणि दिवस कलेपर्यंत स्लॅब भरून गुळगुळीत.

रविराज हातपाय धुऊन साहेबांपुढं उभा राहिला. "साहेब, स्लॅब झाला. मग मी चंद्रपूरला…"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "अहो, तुमच्या जागी बाहेरचा माणूस असता तर आज काम बंद पडलं असतं. आत्ताच तुमचे मामा आणि आबा मिळून येऊन गेले. पुढचे मजले, शेजारचं कोल्ड स्टोरेज, सगळं आपल्याला देतायत. अट एकच. रविराज इथंच पाहिजे." जन्मात पहिल्यांदा ती दोन माणसं एका गोष्टीवर एक झाली होती, आणि ती गोष्ट नेमकी हा.

रविराज पंगतीत येऊन बसला. एका अंगाला आबा, दुसऱ्या अंगाला मामांनी स्वतः वाढप हातात घेतलेलं.

"रव्या, मी बी सायबाला दम दिलाय," आबा म्हणाले. "आमच्या पोराला हलवायचं न्हाई म्हणलं."

मामा रश्श्याची बादली घेऊन वाकले. "मग, जावईबापू? आता तर खूश ना?"

रविराजनं वाटी पुढं केली आणि म्हणाला, "मामा, इतके दिस मी तुमच्या गावचा जावई होतो. आज तुम्ही आन् आबांनी मिळून मला घरजावई करून टाकलं. वाढा रस्सा, आता जातोय कुठं!"