शाबूत घराची मालकीण

सदर स्त्री, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, विधवा, अपत्य नाही. व्यवसाय : शिंप्यांकडून आलेल्या शर्टांना व कोटांना काजं करणे, बटणं लावणे. निवासस्थान : तळमजला, दोन खोल्या, भूकंपोत्तर पाहणीत सुस्थितीत. कुटुंबातील जीवितहानी : निरंक (कुटुंबच निरंक असल्यामुळे याबाबत दुमत संभवत नाही). शेरा : आपद्ग्रस्त या व्याख्येत बसत नाही.

गल्लीत त्यांना काजमावशी म्हणत. त्यांचं घर शाबूत राहिलं याचं श्रेय कोणी पूर्वपुण्याईला दिलं, कोणी चांगल्या सिमेंटला. खरं कारण इतकं थोर नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येकाने सवड होताच घरावर एक मजला चढवला, मुलगा कमावता झाला की दुसरा. मावशींच्या नवऱ्याला ते आयुष्यभर जमलं नाही. "आमच्या डोक्यावर आभाळ आहे, भाडेकरू नाही," असं तो ऐटीत सांगायचा आणि तो वळला की लोक हसायचे. त्या सकाळी जमीन हलली तेव्हा हसणाऱ्यांचे वरचे मजले खालच्या मजल्यांवर येऊन बसले. मावशी एका कोटाचं काज घालत होत्या. सुई बोटात गेली. त्यांच्या दुखापतीची समग्र हकिकत एवढीच.

समोरच्या घरात त्यांची मैत्रीण राहायची. दोघी एकमेकींना 'समोरची' म्हणायच्या; नावं होती, पण ती रेशनकार्डापुरती. दोन उंबरठ्यांवर बसून भाजी निवडायची आणि निवडता निवडता गल्लीतल्या सगळ्यांचे वाभाडे काढायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. समोरचीचा नवरा निवृत्त कंडक्टर. तो तेव्हा न्हाणीघरात होता. त्याला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. समोरची स्वतः दळणाला गेली होती आणि मुलगा-सून कामावर होते, म्हणून वाचले.

पुढे कित्येक दिवस धक्के बसत होते, तेव्हा शाबूत घरवालेही शाळेच्या मैदानावर तंबूत आले. मावशींची पथारी समोरचीच्या शेजारी पडली. मदतीच्या गाठोड्यांतून शर्ट यायचे, पण त्यांना बटणं नसायची. दानशूर माणसं शर्ट देतात, बटणं काढून ठेवतात. मावशींनी घरून बटणांचा डबा आणला आणि तंबूच्या तोंडाशी दुकान मांडलं. समोरची कुणाशी बोलत नव्हती, पण सुईत दोरा ओवून द्यायची. ती रडायला लागली की मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या. शिबिरात आलेल्या समुपदेशक बाईंनी याची दखल 'परस्पर मानसिक आधार' अशी घेतली आणि त्या पुढच्या तंबूकडे गेल्या.

नवरा गेल्यापासून मावशींना दुसऱ्या कुणाच्या श्वासाचा आवाज ऐकत झोप लागली नव्हती. तिथे ती लागायची, आणि गाढ लागायची. पण मैदानभर लोक ऊर बडवत असताना आपल्याला बरं वाटतंय, हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी सांगितलं नाही.

मग इंजिनियर आला. हातात रंगाचे डबे. लाल खूण म्हणजे घर पाडायचं आणि माणसं गावाबाहेरच्या पत्र्याच्या वसाहतीत. हिरवी म्हणजे सुखाने घरी जा.

"मावशी, पेढे वाटा. हिरवी!"

"साहेब, जरा आतली भिंत बघता का? ही एवढी चीर पडलीय."

त्याने वाकून पाहिलं. "चिरेत कोळ्याने संसार थाटलाय. ही जुनी आहे."

"आवाज येतो घरात."

"कसला?"

घरात कसलाच आवाज येत नाही, ही तर मावशींची मूळ तक्रार होती. पण तिला इंजिनियरच्या शास्त्रात जागा नसावी.

"लाल नाहीच का मारता येणार? डबा तर आहे तुमच्या हातात."

"सकाळपासून लोक पाया पडतायत, लाल मारू नका म्हणून," तो दमून म्हणाला, "आणि तुम्ही..." त्याने हिरवी खूण केली. जरा मोठीच केली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी नवऱ्याचा हातोडा काढला आणि त्या चिरेवर घाव घातला. ओंजळभर गिलावा पडला. मनगटातून कळ आली. भिंत ढिम्म. त्या माणसाने जन्मात एक काम धड केलं होतं, ही भिंत बांधली होती, ते नेमकं आडवं आलं.

समोरची आपल्या ढिगाऱ्यातून सापडतील ती भांडी काढायला आली होती. आवाज ऐकून ती दारात उभी राहिली.

"काय गं, वेड लागलं का? देवाने ठेवलं ते पाडतेस? तुला जड झालं असेल तर मला दे की."

"मग ये ना. दोन खोल्या आहेत. पोराला, सुनेला घेऊन ये. मी स्वयंपाकघरात पडेन."

समोरचीने वर छपराकडे पाहिलं आणि पाय उंबऱ्याबाहेरच ठेवला. "मला आता छताखाली झोप येत नाही. पत्र्याचं निदान हलकं असतं. आणि तुझ्याकडे आलो तर वसाहतीतली खोली जाईल. पोराचा पुढच्या घराचा हक्कही जाईल. 'यांची सोय झाली' म्हणतील."

"मग मला घे तिथे. कोपऱ्यात पडेन. मी काय खाते, चिमणीएवढं."

"चिमणी म्हणे! तंबूत घोरायचीस म्हशीसारखी." ती हातातल्या चेपलेल्या पातेल्यावरची धूळ पुसत राहिली. "विचारलं मी वसाहतीच्या साहेबाला. म्हणाला, नातं काय? म्हटलं, समोर राहते. म्हणाला, समोर राहणं हे नातं नाही."

मावशींनी हातोडा खाली ठेवला. "बहीण सांगायचं होतंस."

"सांगितलं नंतर. म्हणाला, आधी का नाही सांगितलंत?"

तंबू उठले. यंत्रं आली, गल्ली सपाट झाली. मावशींच्या दारासमोर आता काही नसल्यामुळे घरात दुपारपर्यंत ऊन येतं. पूर्वी येत नसे. पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी त्या घरासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि अहवालात एक कुटुंब 'स्वगृही पूर्ण पुनर्वसित' दाखवलं. शिंपी गावातून गेले, तेव्हा काजांचं कामही गेलं.

मावशी रोज सकाळी बटणांचा डबा घेऊन बसने वसाहतीत जातात. समोरचीच्या खोलीच्या दाराशी दोघी शेजारी शेजारी बसतात. समोर बसायला तिथे जागा नाही.

अंधार पडल्यावर बाहेरच्या माणसांना वसाहतीत थांबू देत नाहीत.