आमची दुबई

भाऊबीजेच्या सकाळी पारनेरहून सुटलेल्या एसटीत एक आजोबा माझ्या शेजारी बसले होते. नाव मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गर्दीतून आलेल्या कंडक्टरकडे त्यांनी दोन राळेगण मागितली. सोबत तर कुणीच दिसत नव्हतं.

माझ्या मोबाईलवर आशिया कपची बातमी बघून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि इतिहास सुरू केला. धावा, विकेटी त्यांच्या लेखी नव्हत्याच. कोण कुणाकडे गेलं नाही, एवढंच त्यांना पाठ होतं.

“एकदा आपुन श्रीलंकेला गेलो न्हाई. मग पाकिस्तान आपल्याकडं आलं न्हाई. फुडं एकदा कपच रद्द. आता हातबी मिळवीत न्हाईत, पर खेळत्यात. तिसऱ्याच्या दारात, दुबईत.”

भावकीतल्या लग्नाचे रुसवे सांगावेत तसा त्यांचा सूर होता.

“मग खेळायचं तरी कशाला?” मी वैतागून विचारलं.

“बांधावरनं आमा दोघा भावांत लई वर्सं बोलनं न्हाई. पर भाऊबीजंला बहिनीकडं एका पंगतीला जेवतो. ती आमची दुबई.”

राळेगण आलं. ते उतरून मागे न बघता चालू लागले. शेवटच्या सीटवरून अगदी त्यांच्याच नाकाचा एक म्हातारा उठला. दारात कंडक्टरने त्याला तिकीट विचारलं. त्याने रस्त्यावरच्या त्या पाठीकडे बोट केलं.

“त्याच्याकडं हाय. येताना त्यो काढतो, जाताना मी.”