लाल रेषेचे सेवेकरी

भगवंताने माणसाला दोन हात दिले ते काम करायला. काम संपल्यावर ते हात ठेवायचे कुठे, एवढे मात्र सांगायचे राहून गेले. त्यामुळे ज्यांची पंचाईत झाली, अशा एका सज्जनाची ही कथा आहे, मायबाप वाचकहो.

सारी वसाहत त्यांना चावीकाका म्हणे. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षे त्यांनी नळाला पाणी सोडले. छातीएवढी उंच लोखंडी चावी, रस्त्याखालचा व्हॉल्व्ह आणि पहाटेचे पाच! काकांनी चावी फिरवावी आणि तीनशे घरांत बादल्या वाजाव्यात. निवृत्तीच्या दिवशी खात्याने हार घातला, चावी परत घेतली आणि व्हॉल्व्हला मोटर बसवली. दुसऱ्या दिवशी पाणी बरोबर पाचला आले. एका मिनिटाचाही उशीर नाही! हा अपमान काकांनी कुणालाही बोलून दाखवला नाही.

त्यांना सावरले ते अकरा माशांनी. एकुलती एक लेक लग्न होऊन दूरच्या शहरी गेली, तेव्हा जाताना म्हणाली होती, "बाबा, माझे मासे सांभाळा हं." बैठकीच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी होती. दिव्याच्या उबेने तिच्यातले पाणी रोज लिटरभर उडून जाई. काकांनी काचेवर लाल रेषा ओढली आणि त्या रेषेची सेवा मांडली. सहा वर्षांत पाणी कधी रेषेखाली राहिले नाही, आणि सहा वर्षांत काका लेकीच्या घरी एकदाही गेले नाहीत. लेकीच्या माशांवर एवढे प्रेम, की त्यापायी लेकच भेटू नये! भक्तीची ही तऱ्हा भगवंतालाही नवीन असावी.

अशात लेकीला मुलगी झाली.

काकूंनी बॅग काढली. "मी दहा दिवसांनी निघणार, पंधरा दिवस राहणार. तुम्ही नातीकडे यायचं की माशांपाशी बसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

"अगं, पाण्याचं कोण बघणार?"

"शेजारच्या शिवणवाल्या ताई खाणं घालणारच आहेत. पाणीही घालतील."

"त्या नळाचं घालतील! त्यातलं औषध उडायला पाणी दिवसभर उघडं ठेवावं लागतं. आणि ताईंचा हात मोठा. मायेनं काठोकाठ भरतील."

"मग यंत्र बसवा. जगात सगळ्यांना सुट्टी मिळते, तुमच्या माशांच्याच खात्यात रजा नाही."

बोल वर्मी बसला. काका माशांच्या दुकानात गेले. दुकानदार घरी आला आणि त्याने यंत्र बसवले. टाकीच्या आत सुपारीएवढा तरंगता फ्लोट, खाली झाकणाची वीस लिटरची बादली, बादलीत बोटभर पंप, पंपातून वर आलेली नळी. अर्धे बोट पाणी, म्हणजे साधारण दोन दिवसांचे, कमी झाले की फ्लोट खाली येणार, पंप सुरू होणार; रेषेला पाणी लागले की फ्लोट वर, पंप बंद. नळीचे तोंड पाण्याच्या वर ठेवायचे, नाही तर पाणी उलटे बादलीत उतरेल, हे काकांनीच दुकानदाराला सुनावले. पाण्याच्या बाबतीत ते कुणाचे ऐकून घेत नसत.

"आठ दिवस परीक्षा," काका म्हणाले. "पास झालं तर मी येतो."

काकूंनी हात जोडले. काकांना नव्हे, पंपाला.

पहिले दोन दिवस यंत्र गप्प. चार दिवस झाले, तरी गप्प. काका खुर्ची टाकून समोर बसून राहिले. पंपाने हूं की चूं केले नाही. दुकानदाराला बोलावणे गेले. त्याने फ्लोट बोटाने दाबला. पंप लगेच गुरगुरला.

"काका, यंत्र ठणठणीत आहे."

"तुझ्या बोटानं चालतं, पाण्यानं चालत नाही. मी घरी ठेवून जाऊ काय, तुझं बोट?"

सहावा दिवस गेला, सातवा गेला. काका तोंडाने चुकचुकत होते. पण, वाचकहो, चेहरा मोठा तुकतुकीत दिसत होता. आपल्यावाचून अडते, यासारखे दुसरे टॉनिक नाही. काकूंनी मात्र बॅगेतून त्यांचे दोन सदरे काढून पुन्हा कपाटात ठेवले. काकांनी तिकडे पाहिले नाही.

आठव्या दिवशी बॅग आवरायची म्हणून काकू पाचलाच उठल्या. पाहतात तो काय! काका चष्मा न लावता, डोळे अर्धे मिटलेले, हातात गडू घेऊन टाकीपाशी उभे. आदल्या दिवशीचे उघडे ठेवलेले पाणी त्यांनी संथ धारेने टाकीत सोडले, लाल रेषेवर बोट फिरवून अंदाज घेतला, गडू पालथा घातला आणि चूळ भरायला निघाले.

"अहो!"

काका दचकले. "काय गं?"

"काय केलंत आत्ता?"

"कुठे काय? उठलो."

"टाकीत पाणी कुणी घातलं?"

काकांनी आपल्या हाताकडे पाहिले. हात ओला होता. चौतीस अधिक सहा, चाळीस वर्षे तो हात पाचला पाणी सोडत आला होता. धन्याला विचारायची त्याला गरज वाटत नव्हती.

"रोज घालता?"

"घालत असेन," काका पुटपुटले.

"मग तो बिचारा फ्लोट खाली येणार कधी? त्याची पाळी येऊ द्याल तर ना! आठ दिवस त्या दुकानदाराला शिव्या, आणि चोर घरातच!" काकू आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या. "सदरे काढून ठेवले होते हो मी तुमचे."

काकांनी गडू उचलून काकूंच्या हाती दिला. चावी परत करतानाही त्यांचा हात एवढा जड झाला नव्हता.

काकूंनी गडू दडवला. पुढच्या दोन्ही पहाटे काका टाकीपाशी जाऊन रिकाम्या हातांनी परत आले. दहाव्या दिवशी सकाळी फ्लोट खाली टेकला, पंप मिनिटभर गुरगुरला, पाणी लाल रेषेला लागले आणि पंप थांबला. रेषेच्या केसभरही वर नाही, केसभरही खाली नाही.

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच," काकू म्हणाल्या. "चला, सदरे द्या इकडे."

लेकीच्या घरून ते रोज फोन करीत. शिवणवाल्या ताई रोज सांगत, "रेषेवर आहे." पाचव्या दिवशी काकांनी विचारलेच, "रेषेवर? म्हणजे अगदी रेषेवर?"

"हो काका. तुम्ही नाहीत म्हणून माशांनी जेवण सोडलेलं नाही. तुम्ही नातीकडे बघा!"

काका फोन ठेवून खिडकीशी बसले. तेवढ्यात न्हाणीघरातून हाक आली, "अहो, इकडे या. मला एक हात कमी पडतोय." काकूंच्या पायांवर नात पालथी, आणि शेजारी कोमट पाण्याच्या बादलीत त्यांचाच गडू! बॅगेत तळाशी, सदऱ्यांच्या घडीखाली तो इथवर आला होता.

काकांनी बाह्या सरसावल्या. संथ धार इवल्याशा पाठीवर सोडली. दुसरा गडू, तिसरा गडू. चौथ्याला नातीने असा टाहो फोडला की काकांचा हात जागीच थांबला.

दारातून लेक हसली. "बाबा, पुरे म्हणतेय ती!"

"कळलं, कळलं," काका म्हणाले. आणि मग काकूंना, हळूच, "उद्या किती वाजता?"

"नऊला."

"बरं. मी पाचपासून मोकळा आहे."